‘केस मिटली’ म्हणजे नेमकं काय झालं? टेक्सासमधला हँडगनचा परवाना आणि जुना किरकोळ गुन्हा

प्रश्न थोडक्यात असा. डॅलसच्या उत्तरेला राहणारे एक वाचक, वय 34, ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं झालेली. 2016 साली एमएस करत असताना एका मोठ्या दुकानात सेल्फ-चेकआउटला काही वस्तू स्कॅन न करताच पिशवीत गेल्या. माल एकशेदहा डॉलरचा. पोलीस आले, एक रात्र कोठडीत गेली. वकिलाने सहा महिन्यांचं प्रोबेशन मिळवून दिलं, ते नीट पार पडलं आणि ‘केस मिटली’. आता त्यांना हँडगन जवळ बाळगण्याचा परवाना काढायचा आहे. अर्जात हे सगळं लिहावं लागेल का? आणि लिहिलं तर परवाना नाकारतील का?

आधी उत्तर देतो. लिहावं लागेल. आणि तुम्ही सांगितलंत तसंच सगळं कागदावर असेल, तर तेवढ्यावरून परवाना नाकारला जाणार नाही.

माझी ओळख एवढीच की आठवडाभर सॉफ्टवेअरची नोकरी आणि शनिवार-रविवार या परवान्याचं प्रशिक्षण, असं गेली बारा वर्षं चाललं आहे. वकील नाही. पण अर्ज भरताना अडलेली माणसं आधी माझ्याकडे येतात आणि वकिलाकडे मग, त्यामुळे कुठे ठेच लागते ते पाहून पाहून कळलं आहे. आपल्या मराठी लोकांना ठेच बहुतेक वेळा याच दोन शब्दांपाशी लागते: ‘केस मिटली’.

मराठीत केस मिटते ती एकाच तऱ्हेने. डोक्यावरचं ओझं उतरलं की मिटली. टेक्सासच्या कोर्टात ती निदान पाच तऱ्हांनी मिटते. सरकारी वकिलाने खटला मागे घेतला, ज्युरीने निर्दोष सोडलं, आरोपाची कबुली न घेताच एखादा कार्यक्रम पुरा करायला लावून प्रकरण बंद केलं, कबुली घेऊन दोषी ठरवणं पुढे ढकललं आणि प्रोबेशन संपल्यावर खटला काढून टाकला, किंवा सरळ दोषी ठरवून शिक्षा दिली आणि ती भोगून झाली. घरी आईला फोनवर सांगताना या पाचही वेळा आपण ‘मिटलं एकदाचं’ असंच म्हणतो. परवान्याच्या कायद्याला मात्र यातली चौथी आणि पाचवी तऱ्हा जवळजवळ सारखीच वाटते.

तुमची चौथी आहे. तिला इथे डिफर्ड अ‍ॅज्युडिकेशन म्हणतात. तुम्ही ‘गुन्हा कबूल’ किंवा ‘विरोध नाही’ असं म्हणालात, न्यायाधीशांनी दोषी ठरवण्याचा निर्णय लांबणीवर टाकला, तुम्ही सहा महिने सरळ राहिलात आणि खटला काढून टाकला गेला. तुमच्या वकिलाने ‘तुम्हाला शिक्षा झालेली नाही’ असं सांगितलं असेल, आणि बऱ्याच कामांसाठी ते बरोबरही आहे. पण टेक्सासच्या गव्हर्नमेंट कोडचं प्रकरण 411 ज्या उपविभागात या परवान्याबद्दल बोलतं, तिथे ‘दोषी ठरणे’ या शब्दाची स्वतंत्र व्याख्या दिली आहे आणि त्या व्याख्येत डिफर्ड अ‍ॅज्युडिकेशनचा आदेशही मोडतो. ही व्याख्या वाचलेला माणूस मला वर्गात क्वचितच भेटतो. सगळे वकिलाचं शेवटचं वाक्य लक्षात ठेवून आलेले असतात.

आता ‘किरकोळ’ या शब्दाकडे येऊ. किरकोळ काय ते तुम्ही किंवा मी ठरवत नाही. 2016 मध्ये टेक्सासात शंभर डॉलरच्या आतली चोरी क्लास सी होती, शंभर ते साडेसातशेची क्लास बी आणि त्यापुढे अडीच हजारांपर्यंतची क्लास ए. क्लास सीला फक्त दंड, तोही जास्तीत जास्त 500 डॉलर. क्लास बीला 180 दिवसांपर्यंत तुरुंग, क्लास एला एक वर्षापर्यंत. म्हणजे तुमच्या पिशवीत अकरा-बारा डॉलरचा माल कमी असता, तर परवाना नाकारला जाण्याची काळजीच नसती. एकशेदहा डॉलरमुळे तुम्ही क्लास बीमध्ये गेलात. परवान्याचा नियम असा की अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांत क्लास ए किंवा क्लास बीच्या गुन्ह्यात तुम्ही दोषी ठरलेले नसावेत. तुमचा आदेश 2016 चा, त्यामुळे पाच वर्षं कधीच उलटली. मोजायचं ते कोर्टाच्या आदेशाच्या तारखेपासून. अटकेच्या दिवसापासून नाही आणि प्रोबेशन संपल्याच्या दिवसापासूनही नाही. तुमच्या बाबतीत याने फरक पडत नाही. पण ज्यांची पाच वर्षं आता भरत आली आहेत, त्यांनी महिनाभर आधी घाई करून अर्जाच्या फीचे चाळीस डॉलर वाया घालवू नयेत.

क्लास सी म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. भरधाव गाडीचं तिकीट, सिग्नल तोडणं या गोष्टी परवान्याच्या आड येत नाहीत. पण डिसऑर्डर्ली कंडक्ट, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी आरडाओरडा, शिवीगाळ, मारामारी, हा गुन्हा बहुधा क्लास सीचा असूनही त्याचं नाव कायद्यात वेगळं घेतलं आहे आणि त्यालाही पाच वर्षांची अट आहे. कॉलेजच्या दिवसांत एखाद्या बारबाहेर झालेल्या बाचाबाचीचं तिकीट माणूस ऑनलाइन दंड भरून विसरून जातो. दंड भरला म्हणजे गुन्हा मान्य केला, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

घरातल्या भांडणाचा प्रकार त्याहून अवघड. नवरा-बायकोत कडाक्याचं वाजतं, शेजारी 911 ला फोन लावतो, एखादा धक्का मारल्याचं निघतं आणि ‘तिकीट भरा, मोकळे व्हा’ असं कोणीतरी सुचवतं. टेक्सासच्या लेखी ते क्लास सी असेल. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारचा 1996 चा कायदा कौटुंबिक हिंसेच्या छोट्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक बाळगायलाच मनाई करतो, आणि फक्त दंडाची शिक्षा असलेला गुन्हाही त्यात अडकू शकतो. तिथे पाच वर्षांचा हिशेब लागू नाही. असं काही मागे असेल, तर माझ्या वर्गाची फी भरण्याआधी फौजदारी वकिलाची फी भरा.

दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं, तेव्हा तेही सांगून टाकतो. पहिला डीडब्ल्यूआय साधारण क्लास बी असतो, रक्तातलं प्रमाण 0.15 किंवा वर असेल तर क्लास ए. दोन्हींना पाच वर्षं थांबायचं. दहा वर्षांत असे दोन झाले, तर कायदा तुम्हाला व्यसनाधीन धरतो आणि परवाना मिळत नाही. मग तुम्ही आता फक्त ताक पीत असलात तरी.

अर्ज भरायची वेळ आली की माझं काम सोपं असतं, लोक ते अवघड करतात. टेक्सासात हा परवाना डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी, म्हणजे डीपीएस देतं. 2016 पासून त्याचं नाव लायसन्स टु कॅरी, एलटीसी. जुनी मंडळी अजून सीएचएल म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, फी 40 डॉलर, बोटांचे ठसे वेगळे द्यायचे आणि त्यांचे पैसेही वेगळे. कायदा अर्जदाराकडून यादी मागतो ती ‘ज्या गुन्ह्यांसाठी अटक झाली किंवा आरोप ठेवला गेला’ त्यांची, आणि प्रत्येकाचा शेवट काय झाला त्याची. कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलात, एवढंच तो विचारत नाही. त्यामुळे पाचांपैकी कुठल्याही तऱ्हेने केस मिटली असली, तरी ती या यादीत येतेच.

दोन-तीन वर्षांपूर्वी एकाने माझ्याकडे प्रशिक्षण घेतलं. त्यानेही विद्यार्थीदशेत असंच काहीसं केलेलं होतं, आणि अर्जात ती जागा त्याने कोरी सोडली. त्याच्या गुन्ह्याला आठ वर्षं झाली होती. खरं लिहिलं असतं, तर अडलं नसतं. ठसे यंत्रात गेले, नोंद समोर आली आणि खुलासा मागणारं पत्र आलं. महत्त्वाची गोष्ट अर्जात दडवणं हेच परवाना नाकारायला पुरेसं कारण आहे, तसं कायद्यात लिहिलेलंच आहे. त्याने वकील केला, कोर्टाचे कागद जोडले, मनस्ताप झाला तो वेगळाच. ‘सर, केस मिटली होती ना,’ असं तो मला म्हणाला तेव्हा रागही आला आणि कीवही.

म्हणून अर्जाला हात लावण्याआधी कागद गोळा करा. तुमची केस क्लास बीची, म्हणजे ती काउंटीच्या कोर्टात चालली. अटक ज्या काउंटीत झाली तिथल्या काउंटी क्लार्ककडे जा, आज जिथे राहता तिथल्या नव्हे. डिफर्ड अ‍ॅज्युडिकेशनचा आदेश आणि प्रोबेशन पुरं झाल्यावर खटला काढून टाकल्याचा आदेश, दोन्हींच्या प्रमाणित प्रती मागा. क्लास सीचे कागद महापालिकेच्या किंवा जस्टिस ऑफ द पीसच्या कोर्टात मिळतात. गुन्ह्याचं नाव, वर्ग, आदेशाची तारीख आणि शेवट या चार गोष्टी त्या कागदावरून उतरवून अर्जात लिहा. आठवणीतून लिहू नका. दहा वर्षांपूर्वीच्या रात्रीची आठवण आणि क्लार्ककडची नोंद यांचा मेळ बसलेला मी फारसा पाहिलेला नाही. आपण ‘वॉर्निंग मिळाली’ म्हणून सांगतो आणि कागदावर वेगळंच निघतं.

गुन्हा दुसऱ्या राज्यातला असला तर आणखी सावध राहा. न्यू जर्सीत शिकून इकडे आलेले पुष्कळ जण आहेत. तिथे छोट्या चोरीला डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स म्हणतात. नाव टेक्सासच्या डिसऑर्डर्ली कंडक्टसारखं दिसतं, पण ती तिथली गुन्ह्याची श्रेणी आहे आणि तिला सहा महिन्यांपर्यंत तुरुंग आहे. इकडच्या मोजपट्टीवर ते काय ठरतं, हे नावावरून ओळखता येत नाही.

तुम्ही पुढे एक ओळ जोडली होती: ‘वकील म्हणतात रेकॉर्ड सील करून घेता येईल, मग तर लिहायला नको ना?’ इथेही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक्सपंक्शन म्हणजे नोंद पुसून टाकणं. ती पुसली गेली की बहुतेक ठिकाणी ‘असं काही झालंच नाही’ म्हणण्याची मुभा कायदा देतो. पण डिफर्ड अ‍ॅज्युडिकेशनने संपलेली क्लास बीची केस सहसा पुसता येत नाही, क्लास सीची येते. तुमच्यासाठी आहे तो नॉनडिस्क्लोजरचा आदेश. त्याने नोंद घरमालकाला किंवा खासगी कंपनीला दिसत नाही. डीपीएसला दिसतेच, कारण ती नोंद ठेवणारी यंत्रणा तीच आहे. आदेश जरूर घ्या, नोकरी बदलताना उपयोगी पडेल. पण त्याच्या भरवशावर अर्जात काही गाळू नका.

तुम्ही ग्रीन कार्डधारक आहात, म्हणून गाळण्याची चूक तुम्हाला दुप्पट महाग पडेल. स्थलांतराच्या कायद्यात ‘दोषी ठरणे’ याची तिसरीच व्याख्या आहे. गुन्हा कबूल केला आणि काही बंधन घातलं गेलं, की ते दोषी ठरणंच, राज्य काहीही म्हणो. उद्या नागरिकत्वाचा एन-400 भराल तेव्हा सील केलेल्या आणि पुसलेल्या नोंदींसकट सगळं विचारतील. एकाच घटनेचं वर्णन एका सरकारी अर्जावर एक आणि दुसऱ्यावर भलतंच, असं कधी होऊ देऊ नका. ग्रीन कार्डच्या वेळी जे लिहून दिलंत त्याची प्रत काढा आणि तेच शब्द पुन्हा वापरा.

हे वाचणाऱ्यांत बरेच जण अजून एच-1बीवर असतील. त्यांचा प्रश्न जुन्या गुन्ह्यापर्यंत पोचतच नाही. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकारी परवाना असणं यासारखे काही मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डचा अर्ज टाकला म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं नव्हे. पुण्या-नाशिकहून आलेल्या आई-बाबांना हौसेने नेमबाजीच्या रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देऊन फोटो काढणारी मुलं मी पाहिली आहेत. पर्यटक व्हिसावरच्या आई-बाबांनाही हाच नियम लागू आहे. मी माझ्या रेंजवर ओळखपत्र पाहतो आणि नाही म्हणतो, मग काकू रुसल्या तरी चालेल.

भारतातल्या जुन्या प्रकरणांबद्दलही विचारणा होते. केंद्राच्या बंदूकबंदीसाठी परदेशी कोर्टाची शिक्षा धरायची नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये स्मॉल खटल्यात सांगितलं. जपानमध्ये शिक्षा झालेल्या माणसाचा तो खटला. पण स्थलांतर खातं परदेशी शिक्षा धरतं, तेव्हा तिकडचं प्रकरण असेल तर दोन्ही बाजू जाणणाऱ्या वकिलाला विचारल्याशिवाय काही लिहू नका.

आता एक प्रश्न जो तुम्ही विचारला नाहीत. सप्टेंबर 2021 पासून टेक्सासात पात्र माणसाला परवान्याशिवायही हँडगन जवळ बाळगता येते. तुमची 2016 ची चोरी त्या पात्रतेच्या आड येत नाही. मग हा खटाटोप कशाला? मी तरी करा म्हणेन. केंद्राच्या कायद्याने शाळेच्या आवाराभोवती हजार फुटांचा पट्टा असतो, तिथे भरलेली बंदूक नेण्याची सूट राज्याचा परवाना असणाऱ्याला आहे, नसणाऱ्याला नाही. प्लेनो-फ्रिस्कोसारख्या गावांत शाळेपासून हजार फूट चुकवून गाडी चालवून दाखवा. न्यू मेक्सिकोसारखी शेजारची राज्यं टेक्सासचा परवाना ओळखतात. आणि दुकानात बंदूक घेताना फॉर्म भरायचा तो भरायचाच, पण परवाना असला की त्या वेळची पार्श्वभूमी तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

या परवान्याला एक इतिहास आहे, आणि तो वर्गात सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 16 ऑक्टोबर 1991 ला टेक्सासातल्या किलीन गावात लूबीज नावाच्या खाणावळीत एका माणसाने गोळ्या घालून 23 जणांना ठार केलं. सुझाना हप तिथे आई-वडिलांबरोबर जेवत होत्या. दोघेही गेले. हप यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण ते अंगावर बाळगणं तेव्हा बेकायदा होतं. पुढे त्यांनी ठिकठिकाणी साक्षी दिल्या, आणि 1995 मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी परवान्याच्या कायद्यावर सही केली. त्यातून काय शिकायचं यावर माझ्या वर्गात दर वेळी वाद होतो आणि मी तो होऊ देतो. पण एक गोष्ट ठरलेली आहे. इथे अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना द्यावाच लागतो, अधिकाऱ्याच्या मर्जीवर काही सोडलेलं नाही. म्हणूनच अर्जात पश्चात्तापाचं पानभर पत्र जोडायची गरज नसते. एकाने सत्यनारायणाच्या कथेएवढं लांब पत्र लिहिलं होतं. मी ते काढायला लावलं आणि कोर्टाचे दोन कागद जोडायला लावले.

प्रशिक्षणाची भीती बाळगू नका. चार ते सहा तासांचा वर्ग, त्यात बळाच्या वापराचा कायदा, भांडण न वाढवता सोडवणं, बंदूक घरात कशी ठेवायची, आणि मग लेखी परीक्षा. रेंजवर 50 गोळ्या: तीन यार्डांवरून 20, सात यार्डांवरून 20, पंधरावरून 10. अडीचशेपैकी 175 गुण लागतात. पहिल्यांदा पिस्तूल हाती घेणारे बहुधा पंधरा यार्डांवर गळतात, म्हणून आधी दोनदा सराव करून या.

सगळं पाठवलं की निर्णयाला कायद्याने 60 दिवसांची मुदत आहे. जुनी नोंद तपासायची असली तर ते लांबू शकतं. फोन करकरून काही होत नाही. नकाराचं पत्र आलंच, तर ते आल्यापासून 30 दिवसांत सुनावणी मागायची. ती तुमच्याच काउंटीतल्या जस्टिस कोर्टात होते. ते पत्र टेबलावर पडून राहिलं आणि मुदत गेली, असं सुट्टीत भारतात गेलेल्यांच्या बाबतीत घडतं. जायच्या आधी पत्रपेटीची सोय लावा.

परवाना हातात पडल्यावरचं एकच सांगतो, कारण तुम्ही ज्या भागात राहता तिथे ते लवकरच समोर येईल. आपल्या मंडळाचा गणपती आणि दिवाळीचा कार्यक्रम पुष्कळदा शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन होतो. शाळेच्या इमारतीत हँडगन नेणं परवाना असूनही मना आहे, आणि तो किरकोळ नव्हे, फेलनीचा, म्हणजे गंभीर श्रेणीचा गुन्हा आहे. त्या दिवशी ती घरच्या तिजोरीतच कुलूपबंद ठेवून या.